श्रावणापुरतं बेट

सांगलीत मला कुणी गाव विचारलं की मी सरळ ‘बेट’ असं सांगते. समोरचा माणूस कोकण, अंदमान असं काहीतरी मनात आणतो, आणि मी धुळे-जळगावकडचं म्हटलं की माझ्याकडे जरा काळजीनं पाहायला लागतो. खानदेशात समुद्र नाही हे त्याला शाळेपासून माहीत असतं. पण तापी आहे की! आमचं बेट तापीत होतं. अकरा घरं, एक निंब, एक नाव. दोन्ही काठांवरची माणसं आम्हाला ‘बेटवाले’ म्हणत, आणि आम्ही पलीकडच्या साऱ्या जगाला ‘काठावरचे’ म्हणत असू. धुळं काठावरचं, मुंबई काठावरची, दिल्लीसुद्धा काठावरचीच.

पुढे खालच्या अंगाला बंधारा झाला, फुगवट्याचं पाणी बेटावर चढलं आणि अकरा घरं वाट फुटेल तिकडे गेली. मी त्याआधीच लग्न होऊन सांगलीला आले होते. गाव उठल्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, पण मला बेटाची आठवण येते ती घराची किंवा शेताची नाही, माणसं एकमेकांत कशी राहायची त्याची येते. मध्ये एकदा सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत आलं होतं. चार दिवस वरच्या मजल्यावर एकच चूल, एकच पातेलं, दारं सताड उघडी. सगळे घाबरलेले आणि मी मात्र खुशीत. मला वाटलं, जमलं, यांनाही जमतंय! पाचव्या दिवशी पाणी उतरलं, दारं लागली, आणि मी आमच्या ह्यांच्यापुढे बसून रडले. ते म्हणाले, “लोकं पूर आला म्हणून रडतात.” सांगलीची माणसं चांगली आहेत, पण काठावरची.

तर यंदा आषाढ संपता संपता गोदाअक्काचा फोन आला. गोदाअक्का म्हणजे आमच्या बेटाची सर्वांत मोठी बाई, आता ब्याऐंशी वर्षांची, मुलाजवळ धुळ्याला देवपुरात राहते. बेटाची कानबाई तिच्याकडे. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नाही.

“सुमे, औंदा रोट बेटवर व्हई. नही व्हयना ते मी कानबाई तापीले कायमनी दी टाकसू. येस का?”

मी म्हटलं, “येस.” म्हणजे येते.

खानदेशाबाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. यंदा रोट बेटावर झाला नाही तर कानबाई तापीत कायमची सोडून देईन, अशी अक्काची धमकी होती. कानबाई ही आमची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. देवी म्हणजे एक नारळ. तोच नारळ वर्षानुवर्षं जपायचा, नदीत बुडवून पुन्हा घरी आणायचा. आणि तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू, ज्याच्या त्याच्या हातानं घेतलेले, त्या सगळ्या गव्हांच्या पुरणपोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, उरवायचा नाही, टाकायचा नाही.

काठावर मूठ पुरुषांची धरतात. बेटावर माणशी. बाई, पोर, म्हातारं, सगळ्यांची. आणि भाऊबंद कोण? तर बेटावरचे सगळे. कुणब्यांची आठ घरं होती, भोयांची दोन, भिलांचं एक. श्रावणात पाणी चढलं की पंधरा-पंधरा दिवस कुणी येऊ शकत नसे, जाऊ शकत नसे, तेव्हा जो बेटावर तो भाऊबंद असं आमच्या कुठल्यातरी शहाण्या पूर्वजानं ठरवून टाकलं होतं. फक्त एक नियम कडक होता. बेटाचा रोट पाणी ओलांडत नाही. तो बेटावरच खायचा. म्हणूनच गाव उठलं तेव्हापासून बेटाचा रोट झालेला नव्हता.

मग आता बुडालेल्या बेटावर तो कसा होणार? तीच तर गंमत आहे. बंधाऱ्याचे दरवाजे पावसाळ्यात उघडे ठेवतात आणि पावसाळा सरता सरता लावून घेतात. म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यात आमचं बेट पाण्याखाली असतं आणि श्रावणात, दोन पुरांच्या मधे, ते वर येतं. इतकी वर्षं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण पावसाळ्यात बुडालेलं गाव बघायला कोण जाणार? दोन वर्षांपूर्वी अक्काचा मुलगा भगवानभाऊ एका लग्नाच्या बोलणीसाठी तिकडून जात होता, त्याला नदीच्या मधोमध हिरवा ढीग दिसला. तो मोटारसायकल टाकून काठावर बसून राहिला म्हणे. बोलणी त्याच्याशिवाय झाली.

गुरुवार, देवपूर

पांझरेच्या पुलावरून देवपुरात शिरलं की कॉलेजची पोरं, क्लासच्या पाट्या आणि शेवभाजीचा वास लागतो. सांगलीत पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? इथं विचारत नाहीत. मी उंबऱ्यातून आत पाय ठेवायच्या आत भगवानभाऊच्या बायकोनं, वत्सलावहिनीनं, कढईत शेव सोडली होती. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तीस वर्षांत जीभही काठावरची झाली होती.

अक्का खाटेवर बसलेली. मोतीबिंदू काढल्यापासून काळा चष्मा लावते, त्यामुळे ती रागावलीय की झोपलीय ते कळत नाही. तिनं माझ्यापुढे गव्हाचं सूप सरकवलं. मी माझी सव्वा मूठ घेतली, कोपऱ्यातल्या पितळी डब्यात टाकली. माझ्या आधी आठ घरांच्या मुठी येऊन पडल्या होत्या. नाशिक, सुरत, अमळनेर, कुठून कुठून माणसं स्वतः येऊन टाकून गेली होती. राहिली दोन घरं. पिंपळनेरचे दगाभाऊ आणि पहूरचे नामदेवनाना.

नामदेवनानांचं नाव निघालं आणि वत्सलावहिनी उठून कढईकडे गेली.

नाना म्हणजे आमचे नावाडी, जातीनं भोई. त्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बंधाऱ्याचे दरवाजे लागण्याआधीच्या श्रावणात, बेटावरच्या शेवटच्या रोटाला मी माहेरी आले होते, थोरली मांडीवर होती, चार महिन्यांची. पंगत अर्धी झाली असेल, नाना पाण्याजवळून वर आले आणि म्हणाले, पाण्याचा रंग बदलला आहे, सगळे नावेत बसा. अक्का म्हणाली, रोट संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. रोट सोबत नेता येत नाही, मागे टाकता येत नाही. नानांनी वाद घातला नाही. त्यांनी पुरणपोळ्यांचं टोपलं आणि खिरीचं भगुणं उचललं, तापीत रिकामं केलं आणि म्हणाले, “संपना रोट. आते बसा.” चार खेपांत त्यांनी अख्खं बेट काठावर आणलं. चौथी खेप लागली आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी घरांत शिरलं.

एकही माणूस गेलं नाही. आणि काठावर उभी राहून अक्का सर्वांसमोर नानांना म्हणाली, “तू बेटना रोट बुडाया. आते तुना हातनं पाणी बी लेवाव नही.”

नाना बरोबर होते हे सगळ्यांना माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी पोरीला छातीशी धरून गप्प उभी राहिले. नाना तसेच निघाले आणि दूर पहूरला लेकीकडे जाऊन राहिले.

आता अडचण अशी की नानांशिवाय बेटावर पोचायचं कसं? उत्तरेच्या काठावरचे मासेमार त्यांची पत्र्याची नाव द्यायला तयार होते, पण श्रावणाच्या पाण्यात बेटाकडे जायला तयार नव्हते. बेटाच्या टोकाशी भोवरा आहे आणि त्याच्या कुठल्या बाजूनं जायचं ते एकट्या नानांना ठाऊक.

“अक्का, नानाले बलाव ना,” मी म्हटलं.

“येवो ना. मी कोठे नको म्हनस? पन मी बलावाव नही.” काळा चष्मा जागचा हलला नाही.

मग मीच म्हटलं, मी जाते. सोळा वर्षं शाळेत मुख्याध्यापक होते, मला वाटलं दोन म्हाताऱ्यांचं भांडण मिटवणं म्हणजे काय मोठंसं!

शुक्रवार, पहूर

जळगाव मागे पडलं की बोली बदलते. आमचं ‘शे’ जातं आणि ‘हाये’ लागतं. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे केळीच्या बागा, आणि एसटीत प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी हिरवं. मी जळगावात उतरून नानांसाठी चांगली शाल घेतली, पेढे घेतले, वर श्रीफळ. तालुक्याहून साहेब आले की आम्ही शाळेत असंच करायचो.

पहूरला वाघूर नदी आहे. नानांच्या लेकीचं, शोभाचं, घर तिच्यापासून हाकेवर. नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. नाव नाही, पण दोर वळायची सवय काही गेलेली नाही. शोभा म्हणाली, गल्लीतल्या प्रत्येक गाईच्या गळ्यात त्यांचा दोर आहे.

“नाना, आठे नदी शे ना, बरं शे तुमले,” मी बोलायला सुरुवात म्हणून म्हटलं.

“ही? हीमा नाव लागस का? पाय धुवाले बरी शे.” त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं. मग बघितलं. “सुमी ना तू? दौलतनी आंडेर?”

दौलत माझे वडील. तीस वर्षांनी माझ्या वडिलांचं नाव असं कुणी नुसतं उच्चारलं. मी घाईघाईनं शाल काढली. त्यांच्या खांद्यावर घातली, पेढे पुढे केले, आणि छान तयार केलेलं भाषण म्हणून दाखवलं. बेटाचा रोट, सोमवार, आपली उपस्थिती, आपला मान.

नानांचा हात दोरावर थांबला.

“आमंत्रण देवाले उनी का?”

“हा नाना.”

“नावाड्याले आमंत्रण?” त्यांनी शाल उतरवली, व्यवस्थित घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “मी काय बँडवाला शे?”

“नाना, अक्का...”

“अक्का काय म्हने?”

मी खोटं बोलू शकले असते. पण मुख्याध्यापक होते, मुलांचं खोटं पकडायची सवय, स्वतःचं सांगायची नाही. मी म्हटलं, अक्का काही म्हणाली नाही. नाना उठले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांच्या घरची मूठही मिळाली नाही. शोभानं मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला, वर तेलाची धार, आणि हळूच म्हणाली, “मावशी, ते रुसले नाहीत. त्यांना लागलं. का लागलं ते मलाही कळलं नाही.” मला तर मुळीच कळलं नाही. भाकरी मात्र मी दोन खाल्ल्या. खानदेशात दुःखातही जेवण सुटत नाही.

परतीच्या एसटीत पेढ्यांची पिशवी वरच्या फळीवरून पडून एका आजोबांच्या टोपीत गेली. मी ते पेढे सबंध गाडीला वाटून टाकले. सगळ्यांनी मला विचारलं, नात झाली का?

शनिवार, पिंपळनेर

पिंपळनेरकडे डोंगर सुरू होतात आणि हवा ओली होते. भातखाचरं, नागली, मधे मधे साग. दगाभाऊंचं घर गावाबाहेर, मागं उतारावर दोन एकर कोरडवाहू. बेटावर दगाभाऊ आमच्या टरबुजांच्या वाड्यांची राखण करायचे आणि वाळूत कान लावून नदी किती वाढलीय ते सांगायचे. मला बघून ते आणि त्यांची बायको मीराबाई दोघंही एकदम बोलायला लागले, आणि दहा मिनिटं कुणीच थांबेना.

इथं मूठ मागावी लागली नाही. गहू आधीच निवडून ठेवलेले. घरातल्या नऊ जणांनी रांगेनं आपापली सव्वा मूठ माझ्या पिशवीत टाकली. सर्वांत लहान मुलीची मूठ उघडली तेव्हा त्यात मोजून सात दाणे होते, ते मी वेगळे पुडीत बांधले.

नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि उतारावरून खुडून आणलेली कुर्डूची भाजी खाता खाता मी पहूरची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, दगाभाऊ माझ्या कष्टांची कीव करतील. ते घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

“शाल दिन्ही तू नानाले?”

“दिन्ही.”

“सुमीबाई, तू बेटनी शे ना? नावाड्याले कोन घर जाईसन बलावस? नावाड्याले पानीवरथीन हाक मारतस.”

भाकरी माझ्या हातातच राहिली. अगं बाई! खरंच की! बेटावर नावाड्याला कधीच कुणी सांगावा धाडला नव्हता. काठावर उभं राहायचं, तोंडाला हात लावायचा आणि हाक द्यायची. प्रत्येक घराची हाक वेगळी. आणि हाक ऐकली की नावाड्यानं नाव सोडायचीच. भांडण असो, ताप असो, जेवणावर बसलेला असो. अमक्याला आणणार नाही असं नावाड्यानं म्हणायचं नाही, आणि कुणी त्याला विनवायचंही नाही. हाक हाच त्याचा मान होता. शालीनं, पेढ्यांनी बोलावतात ते काठावरच्या गवंड्याला, आचाऱ्याला. मी नानांना त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं की तुम्ही आता आमचे नावाडी नाही, भाड्यानं आणायचे पाहुणे आहात.

मला इतकी लाज वाटली की मीराबाई वाढत असलेल्या दुसऱ्या भाकरीला मी नको म्हटलं. मग तिनं आग्रह केला, मग खाल्ली.

रविवारी देवपुरात कानबाई बसली. बायका नाचल्या, मीही नाचले, गुडघा अजून दुखतोय. अक्काला मी हाकेचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “माले शिकाडस का?” दुपारी शोभाचा फोन आला. नाना सकाळीच घरातून निघून गेले होते, कुठं जातो ते सांगितलं नव्हतं. जाताना एका रुमालात गहू बांधून घेतले होते.

सोमवार, तापी

दोन टेम्पो आणि एक जीप भरून आम्ही दक्षिणेच्या काठावर उतरलो तेव्हा नऊ वाजले असतील. मागच्या आठ दिवसांत पाऊस नव्हता. तापी गढूळ होती, रुंद होती, पण शांत होती. आणि मधोमध ते होतं. मी मोठ्यानं ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. निंब नव्हता, घरं नव्हती, नुसता गवताचा ढीग. पण वरच्या बाजूला निमुळता, खालच्या बाजूला पसरट, तोच आकार, आईच्या पाठीसारखा ओळखीचा. माझ्या शेजारी सुरतेहून आलेला पन्नाशीचा माणूस हुंदके देत होता, आणि त्याची मुलं त्याचा फोटो काढत होती.

पलीकडच्या काठाला मासेमारांची नाव लागलेली दिसत होती. नावेत पांढरी टोपी घालून कुणीतरी बसलं होतं.

भगवानभाऊनं मासेमारांना फोन लावला. ते म्हणाले, कालपासून एक म्हातारा आलाय, नावेला दोर त्यानं स्वतःचा बांधलाय, आम्हाला हात लावू देत नाही. भगवानभाऊ म्हणाला, त्यांना सांगा, मंडळी आली, नाव आणा. थोड्या वेळानं निरोप परत आला. “बाबा म्हणतात, फोनवर नाव येत नाही.”

मी पुढे झाले. आमच्या घराची हाक मला पाठ होती. शेवटाला वर जायची, तिथं जरा हेलकावा. मी तोंडाला हात लावला आणि दिली. घशातून जे निघालं त्यानं फक्त समोरचे दोन बगळे उडाले. टोपी हलली नाही. पुन्हा दिली. शाळेत सहाशे पोरांना गप्प करणारा माझा आवाज अर्ध्या पाण्यातच बुडत होता. मग एकेक घर पुढं आलं. अमळनेरच्यांनी दिली, नाशिकच्यांनी दिली, दगाभाऊ खोकत खोकत ओरडले. काहींना तर स्वतःच्या घराची हाकच आठवेना. पाण्यावरून पलीकडे पोचेल असा गळा आमच्यात एकच उरला होता, आणि ती नारळाचा चौरंग मांडीशी घेऊन, नदीकडे पाठ करून दगडावर बसली होती.

मी तिच्यापुढे वाळूत बसले. आजवर जे बोलले नव्हते ते बोलायचं ठरवलं.

“अक्का, त्या दिवशी मनी पोर त्या नावमा व्हती. चार महिनानी. आते तिले स्वतःनी पोर शे. रोट बुडना अक्का, पोर नही बुडनी. मी तव्हय बोलनू नही. तू बी चुकनी, मी बी चुकनू.”

सगळे ऐकत होते. अक्कानं चष्मा काढला. ते डोळे मी पंचवीस वर्षांनी पाहिले, पाण्यानं भरलेले.

“माले का कळत नव्हतं, सुमे?” ती म्हणाली. “दर साल कळस.”

तिनं चौरंग माझ्या हातात दिला. उठली. पदर कमरेला खोचला, पाण्यात घोट्याइतकी गेली, तळवा गालाला लावला आणि हाक दिली.

“नाऽऽव लई येऽऽ, नामाऽऽऽ!”

ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या छातीत एवढा वारा कुठून आला, देवाला ठाऊक. पाण्यावरून ती हाक सरसरत गेली. तिकडे टोपी उभी राहिली. दोर सुटला. तिरकी, आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मग भोवऱ्याला वळसा घालत, नाव आमच्याकडे यायला लागली, आणि इकडे बायका-पुरुष-पोरं सगळे वेडे झाल्यासारखे ओरडायला लागले. सोबत आणलेल्या ढोलवाल्यानं आमच्याकडे पाहून आपल्या मनानंच ढोल सुरू केला.

नाव वाळूला लागली. नाना उतरले नाहीत. नावाडी उतरत नसतो. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि अक्कापुढे धरली. अक्कानं ते गहू ओंजळीत घेतले.

“आते दळाले येळ नही,” ती म्हणाली.

“खिरमा टाक,” नाना म्हणाले. पंचवीस वर्षांनंतरचं त्या दोघांचं पहिलं बोलणं एवढंच झालं.

चार खेपांत आम्ही बेटावर. तीन दगडांची चूल मांडली, पुरणपोळ्या घरून अर्ध्या भाजून आणल्या होत्या त्या पुन्हा शेकल्या, खीर शिजली. मी गवतात आमचा ओटा शोधून काढला, म्हणजे त्याचा एक कोपरा, आणि त्यावर बसूनच जेवले. आमच्या ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, “तिथं तर नुसता चिखल दिसतोय.” मी म्हटलं, तुम्हाला नाही दिसायचं.

पंगतीच्या टोकाला नाना उभेच होते. अक्का पोळी घेऊन त्यांच्यापर्यंत गेली.

“हात पुढे कर, नामा.”

“मना हात चालस का आते?”

“तुना हातमुळे बठ्ठा जित्ता शेत,” अक्का सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “खाय.”

नानांच्या हातामुळे सगळे जिवंत आहेत, हे ती पंचवीस वर्षांनी बोलली. नाना खाली बसले आणि खायला लागले. ते जेवत असताना कुणीही उठलं नाही. शेवटची खीर पोरांनी भगुण्यातून बोटांनी पुसून खाल्ली, आणि दगाभाऊंच्या मीराबाईनं भगुणं उपडं करून सगळ्यांना दाखवलं. बेटाचा रोट संपला!

मग अक्का नारळ घेऊन पाण्यात उतरली. सगळे तिच्यामागं पाण्याशी आले. आजवर तिनं शब्द फिरवलेला कुणाला आठवत नव्हता. आणि रोट झाला नाही तरच कानबाई सोडीन, असं ती म्हणाली होती खरी. पण म्हातारं माणूस, समाधान झालं की सोडूनही देतं. तिनं नारळ बुडवला. बराच वेळ पाण्याखाली धरला. मग वर काढला, पदरानं पुसला, नावेजवळ गेली आणि नानांच्या दोन्ही हातांत ठेवला.

“पुढला सालले तू लई ये.”

बेटाची कानबाई कुणब्याच्या घराबाहेर कधी गेली नव्हती, आणि नावाड्याच्या घरी तर नाहीच. नाना नारळ छातीशी धरून नावेत बसले. आता त्यांचे दोन्ही हात अडकले होते. वल्हं कोण मारणार? दगाभाऊंनी एक घेतलं, एक मी घेतलं. गेल्या साठ वर्षांत पहिल्यांदाच नामदेवनाना नावेत नुसते बसून चालले होते, आणि दक्षिणेचा काठ लागेपर्यंत ते आमच्या प्रत्येक वल्ह्याला नावं ठेवत होते.